लस दिल्यानंतर बाळ गंभीर आजारी पडले, तर कोणाकडे जायचे?

उर्दू शाळेत शिकवणाऱ्यांना अभ्यासापेक्षा इतर गोष्टींबद्दलच जास्त विचारले जाते. आधार कार्डावरचे नाव कसे दुरुस्त करायचे, शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे भरायचा, उत्पन्नाच्या दाखल्याला काय काय लागते. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात गोवर-रुबेलाच्या लसीची मोहीम शाळाशाळांतून सुरू झाली आणि या यादीत लसीचीही भर पडली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना लस द्यायची होती. आम्ही वर्गावर्गांतून पालकसभा घेतल्या. त्या सभांना दोन तऱ्हेचे पालक आले. काहींनी मोबाईलवर काहीतरी पाहिले होते. त्यांना समजावणे अवघड नव्हते. दुसरे थोडे होते, मागच्या बाकावर बसून होते आणि सभा संपल्यावर हळूच जवळ येऊन बोलले. त्यांच्या घरात खरोखरच काही घडले होते. कोणाच्या बाळाला सुईनंतर झटका आला होता, कोणाच्या मुलीचे अंग सुजून श्वास अडकला होता.

अडचण अशी की सरकारी माणसे या दोघांशी एकाच सुरात बोलतात. "काही होत नाही, घाबरू नका." ज्याच्या बाळाला झाले आहे त्याला "काही होत नाही" म्हणणे म्हणजे तुम्ही खोटे बोलता असे म्हणणे. असा माणूस दुसऱ्या वेळी दार उघडत नाही. हा लेख त्या मागच्या बाकावरच्या पालकांसाठी आहे. लस घ्यावी की नाही ही चर्चा इथे नाही. आम्ही आमच्या मुलांना सगळ्या लसी दिल्या आहेत. प्रश्न एवढाच आहे की लसीनंतर काही गंभीर झाले तर योग्य डॉक्टरपर्यंत कसे पोहोचायचे, आणि वाटेत काय हातचे सोडायचे नाही.

पहिला अर्धा तास

पेंटाव्हॅलेंट किंवा डीपीटीच्या सुईनंतर ताप येणे, मांडी दुखणे, बाळाने रात्रभर किरकिर करणे हे नेहमीचे आहे. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येऊन व्रण राहणे हेही नेहमीचेच. यासाठी तज्ज्ञ लागत नाही.

सुई दिल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबा असे नर्सताई सांगतात आणि आपण "घरी पाहुणे आहेत" म्हणून निघतो. तो अर्धा तास एका विशिष्ट गोष्टीसाठी असतो. तिला अ‍ॅनाफायलॅक्सिस म्हणतात, म्हणजे सर्व शरीराला एकदम येणारी तीव्र अ‍ॅलर्जी. अंगावर गांधी उठतात, ओठ आणि डोळे सुजतात, श्वास घरघरतो, उलटी होते, मूल फिके पडून गळून जाते. दहा लाख डोसांमागे साधारण एखाद्याला हे होते, पण ज्याला होते त्याला मिनिटांचा हिशोब असतो. यावरचे औषध अ‍ॅड्रेनलिन. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत टोचतात, आणि लसीकरणाच्या ठिकाणी ते ठेवलेले असावे असा नियम आहे. अ‍ॅलर्जीची गोळी किंवा सिरप हा त्याला पर्याय नाही. सुई दिल्यावर मूल सावरले तरी काही तासांनी त्रास परत उलटू शकतो, म्हणून त्याला रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावे लागते. "आता हसतोय, घेऊन जातो" असे म्हणू नये. १०८ वर फोन केला की रुग्णवाहिका येते, तिचे पैसे नाहीत.

शाळेतला अनुभव थोडा वेगळा आहे. दहा आणि सोळा वर्षांच्या मुलांना टीडीची लस शाळेत देतात. रांगेतली एक मुलगी चक्कर येऊन पडते, तिला पाहून दुसरी, मग तिसरी. मैदानात आरडाओरड, आणि तासाभरात सगळ्या मोहल्ल्यात बातमी. ही बहुतेक वेळा भीतीने येणारी चक्कर असते. नाडी मंद होते, घाम सुटतो, आडवे निजवून पाय उंच केले की दोन-चार मिनिटांत मूल बोलू लागते. अंगावर गांधी नसतात, श्वास घरघरत नाही. तरीही नाटक म्हणून मुलीला रागावणे चूक आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही या प्रकाराची लसीकरणानंतरच्या त्रासांत रीतसर नोंद घेतली आहे. आम्ही आता मुलांना उपाशी येऊ देत नाही, आणि सुईची खोली रांगेच्या नजरेआड ठेवतो.

एका घरात काय झाले

आमच्या सातवीतल्या एका विद्यार्थिनीचा धाकटा भाऊ. चौदाव्या आठवड्याची सुई गावी गेल्यामुळे राहिली आणि बाळ साडेपाच महिन्यांचे असताना दिली गेली. संध्याकाळी ताप आला, रात्री डाव्या हातापायाला झटके सुरू झाले ते अर्धा तास थांबेनात. तालुक्याच्या रुग्णालयात इंजेक्शन देऊन झटका थांबवला, दोन दिवस ठेवले आणि "तापाचा झटका आहे, वय वाढले की जाईल" असे सांगून घरी पाठवले. कार्डावर लसीचा उल्लेखही नव्हता. दीड महिन्याने पुन्हा तसाच झटका, या वेळी उजवीकडे, आणि लस कुठेच नव्हती, नुसती सर्दी होती. खासगी डॉक्टरांनी झटक्याचे औषध सुरू केले, कार्बामाझेपीन. झटके वाढले. डोस वाढवला, झटके आणखी वाढले.

घरात तोवर निकाल लागला होता. दादी म्हणाल्या, सुईनेच माझ्या नातवाचे वाटोळे केले. चाचांच्या घरातल्या मुलींच्या पुढच्या लसी थांबल्या. दोन फुफींनीही आपापल्या मुलांना नेणे बंद केले. आणि सुईला बाळाला घेऊन कोण गेले होते, तर अम्मी. आठ महिने त्या बाईने या एका वाक्याचे ओझे वाहिले. कोणी तावीज सुचवला, कोणी नजर उतरवली. दुआ आपण करतोच, करायलाच हवी. पण तवक्कुल म्हणजे उंट मोकळा सोडून देणे नव्हे, हे मकतबात जाणारे मूलही सांगेल.

शेवटी एके दिवशी ती शाळेत आली. "आपा, मला एवढंच कळू द्या, मी नेलं म्हणून झालं का?" आमच्याकडे उत्तर नव्हते. उत्तर द्यायची पात्रता असलेला माणूस म्हणजे मुलांच्या मेंदूचे डॉक्टर, पेडियाट्रिक न्यूरोलॉजिस्ट. जिल्ह्याच्या गावात ते नव्हते. बाळाच्या अब्बांनी दोन दिवसांची रजा टाकली आणि आम्ही सोबत मोठ्या शहरातल्या रुग्णालयात गेलो.

त्या डॉक्टरांनी चाळीस मिनिटे फक्त ऐकले. पहिला झटका किती वाजता, किती वेळ, कोणत्या बाजूचा, ताप किती, आंघोळीच्या गरम पाण्याने कधी झाला का. सातवीतल्या बहिणीने मोबाईलवर झटक्याचे दोन व्हिडिओ घेतले होते, ते त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिले. मग रक्ताची जनुकीय तपासणी सांगितली, आणि अहवाल येण्याआधीच ते औषध हळूहळू बंद करून दुसरे सुरू केले.

अहवालात आजाराचे नाव आले, ड्राव्हे सिंड्रोम. शार्लोट ड्राव्हे या फ्रेंच डॉक्टरांनी १९७८ मध्ये तो वर्णिला. बहुतेक मुलांत एससीएन१ए नावाच्या जनुकातला बदल हे त्याचे कारण असते, आणि हा बदल सहसा आईवडिलांकडून आलेला नसतो, बाळात नव्याने झालेला असतो. पहिला झटका बहुधा पहिल्या वर्षात, तापात येतो. सुईने ताप आला तर सुईच्या दिवशीच येतो. म्हणून कित्येक वर्षे जगभर अशा मुलांच्या फाइलवर "लसीमुळे मेंदूला इजा" असे लिहिले गेले. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सॅम्युएल बर्कोविक यांच्या गटाने अशा चौदा रुग्णांचे जनुक तपासले, तर अकरा जणांत हाच बदल सापडला. पुढे २०१० मध्ये आणखी एक अभ्यास आला. लसीच्या तापाने पहिला झटका थोडा आधी येऊ शकतो, पण नंतरच्या आजाराची तीव्रता त्यामुळे बदलत नाही, असे त्यात दिसले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. "लस निर्दोष ठरली" हा या गोष्टीतला मुख्य भाग नाही. मुख्य भाग औषधाचा आहे. ड्राव्हेमध्ये कार्बामाझेपीन, फेनिटॉइनसारखी काही नेहमीची औषधे झटके वाढवतात. म्हणजे ज्यांनी "तापाचा झटका" म्हटले ते, आणि ज्यांनी "सुईने झाले" म्हणून विषय संपवला ते, दोघांनीही बाळाला चुकीच्या औषधावर ठेवले. कारण शोधणे हे दोष कोणाचा हे ठरवण्यासाठी असते असे आपल्याला वाटते. खरे तर ते उपचारासाठी असते.

मूल आता चालते, बोलणे उशिरा आले आहे, झटके थांबलेले नाहीत पण महिन्याला एखादा इतके कमी झाले आहेत. आजार जन्माचा आहे. दादींना डॉक्टरांनी स्वतः समोर बसवून समजावले, तेही उर्दूत. त्यांना पूर्ण पटले की नाही माहीत नाही, पण त्या दिवसानंतर सुनेला त्यांनी ते वाक्य पुन्हा ऐकवले नाही.

नेमका कोणता तज्ज्ञ

झटके, शुद्ध हरपणे, हातापायांत बळ नसणे यासाठी न्यूरोलॉजिस्ट. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला तर ते सरकारला कळवणे रुग्णालयाला बंधनकारक आहे. पोलिओ नाही ना हे पाहण्यासाठी चौदा दिवसांच्या आत मुलाच्या शौचाचे दोन नमुने तपासतात. तोंडी पोलिओच्या थेंबांतला जिवंत विषाणू लाखांत एखाद्या मुलाला त्रास देऊ शकतो, हे आरोग्य खाते नाकारत नाही. म्हणून हे नमुने वेळेत गेले पाहिजेत. उशीर झाला तर उत्तर कायमचे हरवते.

तीव्र अ‍ॅलर्जी झाली असेल तर अ‍ॅलर्जी-इम्युनॉलॉजीचे डॉक्टर. ते लसीतल्या कोणत्या घटकाने त्रास झाला हे शोधतात, आणि पुढची लस टाळायची की देखरेखीखाली द्यायची हे ठरवतात. "याला सगळ्याच लसींची अ‍ॅलर्जी आहे" असे सहसा नसते.

तिसरा प्रकार आपल्या समाजाने जास्त लक्ष देऊन वाचावा. बीसीजी ही जिवंत जंतूंची, पण दुबळ्या केलेल्या जंतूंची लस आहे. काखेत एखादी गाठ येणे वेगळे. पण बीसीजीनंतर गाठी वाढत जाणे, फुटून वाहणे, बाळाचे वजन न वाढणे, तोंडात सारखा पांढरा बुरा, वारंवार न्यूमोनिया, हे सगळे एकत्र असेल तर बाळाची जन्मजात प्रतिकारशक्तीच अपुरी असू शकते. असे काही आजार आईवडील दोघांकडून एकेक दोष आला तरच होतात, आणि चुलत-मामे-मावस भावंडांत लग्ने होणाऱ्या घराण्यांत त्यांची शक्यता वाढते. नात्यातले निकाह शरीयतमध्ये जायज आहेत, त्यावर आमचे काही म्हणणे नाही. डॉक्टरांनी "तुम्ही नात्यातले आहात का" असे विचारले तर तो टोमणा समजू नका आणि खरे सांगा. घरात आधी एखादे बाळ लहानपणीच गेले असेल तर तेही सांगा, लस देण्याआधी सांगा. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आणि जवळचे वाडिया बाल रुग्णालय इथे या आजारांवर काम चालते. वेळेत कळले तर अस्थिमज्जा बदलून मूल बरे होऊ शकते. इथेही पहिला इशारा लसीने दिलेला असतो, आणि तो "सुई बाधली" म्हणून सोडून दिला की हातचे महिने जातात.

मोठ्या माणसांचेही सांगून टाकतो. करोनाच्या लसीनंतर काही थोड्या लोकांत रक्ताच्या गुठळ्या आणि त्याच वेळी प्लेटलेट कमी असा विचित्र प्रकार झाला. गुठळीवर नेहमी देतात ते हेपरिन तिथे टाळायचे असते, हे रक्तविकारांच्या डॉक्टरांना माहीत होते. चार दिवस डोकेदुखीच्या गोळ्या घेणाऱ्याला ते कळण्याचा मार्ग नव्हता.

नोंद झाली का, हे विचारा

शहरातल्या डॉक्टरांनी अम्मीला विचारले, "याची एईएफआय नोंद झाली का?" तिने हा शब्द पहिल्यांदा ऐकला. लसीकरणानंतरच्या त्रासाला सरकारी भाषेत एईएफआय म्हणतात. मृत्यू, रुग्णालयात दाखल करावे लागणे, अपंगत्व, किंवा एकाच वेळी अनेकांना त्रास, हे गंभीर समजले जाते. नर्सताई, आशाताई, खासगी डॉक्टर यांच्यापैकी कोणीही कळवू शकते, पालकही सांगू शकतात. माहिती जिल्हा माता-बाल संगोपन अधिकाऱ्यांकडे जाते, महापालिकेत लसीकरण अधिकाऱ्यांकडे. तिथून ठरावीक अर्ज ४८ तासांत राज्याकडे आणि दिल्लीला जायचा असतो. मग जिल्ह्याची समिती चौकशी करते. तिच्यात बालरोगतज्ज्ञ असतात, आणि आपल्या कामाचा मुद्दा हाच आहे. नोंद झालेल्या मुलाकडे जिल्ह्याचे लक्ष जाते, त्याला वरच्या रुग्णालयात पाठवण्याला एक कागद मिळतो. नोंद नसलेले मूल फक्त आपले असते.

खाली दडपले जाते का? जाते. नर्सताईंना वाटते आपल्यावर येईल, डॉक्टरांना वाटते कटकट वाढेल. म्हणून तोंडी सांगून थांबू नका. साध्या कागदावर मराठीत अर्ज लिहा. मुलाचे नाव, लस, तारीख, केंद्र, त्रास कधी सुरू झाला, कुठे दाखल केले. दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. या घराने अकरा महिन्यांनी अर्ज दिला, तरी तो घेतला गेला.

चौकशी म्हणजे केवळ सोपस्कार असेही समजू नये. कधी लस चांगली असते आणि देण्यात घोळ होतो. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. मुले बरी झाली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. गोवराच्या लसीची पूड पाण्यात मिसळली की ती चार तासांत संपवायची किंवा फेकायची असते, नाही तर तिच्यात जंतू वाढून जीव जाऊ शकतो. असे काही झाले असेल तर ते बाटलीवरून, बॅच नंबरवरून आणि त्याच बाटलीतून लस घेतलेल्या इतर मुलांवरून कळते. तुमची तक्रार त्या मुलांपर्यंतही पोहोचते.

याचे जुने उदाहरण आपल्या मुंबईशी जोडलेले आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, डॉ. हाफकिन यांनी लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत आधी स्वतःला टोचून घेतली. लोक घाबरत होते, तेव्हा सर आगाखान यांनी सर्वांसमोर टोचून घेतले, प्रयोगशाळेसाठी आपली जागा दिली, आणि हजारो खोजांनी लस घेतली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावात एकाच बाटलीतून लस घेतलेले एकोणीस जण धनुर्वाताने मेले. हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले. बाटली प्रयोगशाळेत दूषित झाली की गावात उघडताना, हा वाद वर्षानुवर्षे चालला. उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता, हा तपशील पुढे आला आणि १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. एकोणीस माणसे मेली हे कोणी नाकारले नाही, आणि लसच टाकून द्या असेही झाले नाही. परळची ती प्रयोगशाळा आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

कागद, पैसा आणि पुढची सुई

लसीचे कार्ड लॅमिनेट करून कपाटात ठेवू नका. त्यावर पुढे लिहावे लागते. त्याचा फोटो काढून दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. रुग्णालयातून सुटताना नुसते डिस्चार्ज कार्ड घेऊन येऊ नका. डॉक्टरांच्या व्यावसायिक नियमांनुसार, मागितल्यापासून ७२ तासांत उपचाराच्या नोंदी रुग्णाला द्याव्या लागतात. अर्ज लेखी द्या. झटक्याचा व्हिडिओ काढायला घरातल्यांना संकोच वाटतो, मूल तडफडते आणि हा मोबाईल काढतो म्हणून. एकाने बाळाला कुशीवर धरायचे, दुसऱ्याने व्हिडिओ घ्यायचा. तज्ज्ञ डॉक्टरांना आपल्या हजार शब्दांपेक्षा त्या एका मिनिटाचा उपयोग होतो.

पैशाचे काय? अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याची पथके शाळेत आणि अंगणवाडीत येतात. अनेक जिल्ह्यांत त्याचे डीईआयसी नावाचे केंद्र असते, तिथून मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात "आरोग्यमित्र" बसतात, त्यांना आधी भेटा. आणि मोठमोठी धर्मादाय रुग्णालये, ज्यांच्या काचेच्या दारातून आत जायलाच आपण बिचकतो, त्यांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. रेशन कार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तिथल्या समाजसेवा विभागात जायचे, बिलाच्या खिडकीवर नाही. मुलाला कायमचे अपंगत्व आले असेल तर २०१६ च्या कायद्यात मेंदूच्या दीर्घकालीन आजारांचाही समावेश आहे, यूडीआयडी कार्ड काढा.

नुकसानभरपाईबद्दल खोटी आशा देणार नाही. ब्रिटनमध्ये १९७९ पासून कायदा आहे. लसीने साठ टक्के किंवा अधिक अपंगत्व आले हे मान्य झाले तर एक लाख वीस हजार पौंड मिळतात. अमेरिकेतही वेगळी व्यवस्था आहे. आपल्याकडे नेहमीच्या लसीकरणासाठी असा कायदा नाही. दिवाणी किंवा ग्राहक न्यायालयात जावे लागते आणि निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. लसीच्या प्रायोगिक चाचणीत भाग घेतला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे २०१९ च्या नियमांनुसार उपचार आणि भरपाईचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ च्या निकालात कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही असे म्हटले, आणि त्याच निकालात लोकांना व खासगी डॉक्टरांना लसीनंतरचे त्रास नोंदवता येतील अशी व्यवस्था करा असेही सरकारला सांगितले. पहिला अर्धा भाग आपल्याकडे फार फिरला. दुसरा वाचणारे थोडे.

मग पुढच्या लसींचे? हा निर्णय दादींनी घ्यायचा नाही, आणि शाळेने तर नाहीच. तज्ज्ञांकडून लेखी घ्या : कोणती लस कधीच नाही, कोणती रुग्णालयात देखरेखीखाली, कोणती नेहमीसारखी. डीपीटीनंतर सात दिवसांत मेंदूचा गंभीर विकार झाला आणि दुसरे कारण सापडले नाही, तर डांग्या खोकल्याचा भाग असलेली लस पुन्हा देत नाहीत. तरी गोवराची देता येते. या बाळाला डॉक्टरांनी उरलेल्या लसी तापाचे औषध आधी देऊन, दिवसभर रुग्णालयात ठेवून दिल्या. चाचांच्या मुलींना तर कोणतेच कारण नव्हते, त्यांच्या लसी भीतीने थांबल्या होत्या. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी भागात, मग भिवंडी आणि मालेगावात गोवर पसरला, मुले दगावली. बहुतेक वस्त्या आपल्याच. त्या बातम्या आल्या तेव्हा चाचींनी फोन करून विचारले, "आपा, आता सुई उशिरा दिली तर चालते का?" चालते. दोन्ही मुलींना त्याच आठवड्यात दिली.

एक नंबर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा. औषध किंवा लस यांचा त्रास झाला तर तो थेट नोंदवण्यासाठी गाझियाबादच्या औषध आयोगाची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-१८०-३०२४. फोन करताना लसीचे कार्ड हातात असू द्या, बॅच नंबर विचारतात. कार्डावर तो नसेल तर त्याच दिवशी केंद्रात जाऊन रजिस्टरमधून उतरवून घ्या.